कोरी तासं

रिठदहून केनवडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून मनकर्णाबाईंचं शेत आहे. त्या शेताच्या ऐन मध्यात दरवर्षी एक पट्टा असा असतो, की येणाजाणाऱ्यानं मोटारसायकल हळू करून विचारावं, "इथं काय झालं बावा?" बहुतेकदा भोवतालचं सोयाबीन एका रंगाचं आणि हा पट्टा दुसऱ्याच. कधी तो ठेंगणा असतो, कधी त्यात अळ्या जास्त असतात, आणि कधी काहीच फरक नसतो. काहीच फरक नसला की बघायला माणसं जास्त येतात.

पिकाच्या ओळीला वऱ्हाडात तास म्हणतात, आणि या पट्ट्याला गाव म्हणतं कोरी तासं. बियाणं तेच, पेरणी तीच, निंदणही तेच. फक्त त्या वर्षी बाजारात जी नवी बाटली किंवा नवी भुकटी आली असेल, ती एवढ्या तासांना मिळत नाही. शेजारच्या तासांना मिळते. मग भादव्यात मनकर्णाबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहून दोन्हीकडे बघतात आणि फरक आहे की नाही ते सांगतात. मधलं काही सांगत नाहीत. आपल्याला शेतीतलं फार कळतं असा त्यांचा दावा नाही. बाकीच्यांना कळत नाही, एवढाच आहे.

याची सुरुवात एका कार्यक्रमातून झाली. आपल्यासारख्या देशांतल्या कृषी संशोधनाला बळ मिळावं म्हणून परदेशातून निधी निघाला, तो दिल्लीला आला, तिथून एका संशोधन केंद्राकडे आला, आणि उरलेला रिठदला आला. उरलेल्यातून एक समिती झाली, एक पाटी झाली, एक लोखंडी कपाट आणि प्लास्टिकच्या खुर्च्या झाल्या. अध्यक्ष झाले चंपतभाऊ. त्यांचा स्वभाव इतका उदार, की कोणत्याही समितीला त्यांनी आजवर नाही म्हटलेलं नाही. सभासदांत मनकर्णाबाईंचे यजमान उकंडराव होते, कारण सातबारा त्यांच्या नावावर आहे. उकंडराव बैठकीला जात आणि मनकर्णाबाई शेतात जात. दोघांनाही ही व्यवस्था सोयीची होती.

संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी सभासदांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. नवी गोष्ट करून बघाल त्या शेतात थोडी तासं कोरी ठेवा, म्हणजे तुलना होईल. सगळ्यांनी ती ठेवली आणि सगळ्यांनी बिघडवली. वाईट हेतूनं नव्हे, मायेनं. एकानं संध्याकाळी गुपचूप जाऊन कोऱ्या तासांना मूठ मूठ युरिया जास्त घातला, कारण त्या बिचाऱ्यांनी काय पाप केलं होतं? दुसऱ्यानं चांगली जमीन कशाला वाया घालवायची म्हणून कोरी तासं खडकाळ कोपऱ्यात ढकलली. पहिल्या वर्षी निष्कर्ष असा निघाला, की काही न केलेलं पीक केलेल्यापेक्षा बरं येतं. शास्त्रज्ञ गोंधळले. दुसऱ्या वर्षी त्यांची बदली झाली.

मनकर्णाबाईंना मात्र ही कल्पना पहिल्याच दिवशी पटली. त्यामागे विज्ञानाची ओढ नव्हती, जुना राग होता. केनवडच्या बाजारात फुलचंदचं कृषी केंद्र आहे. त्याच्याकडची एक ताकदीची बाटली त्यांनी एका वर्षी सगळ्या वावरात फवारली. पाऊस चांगला झाला, पीक आलं. फुलचंद म्हणाला, बाटलीनं आलं. पुढच्या वर्षी तीच बाटली, पण पाऊस नाही आणि पीकही नाही. फुलचंद म्हणाला, पावसानं गेलं.

"म्हंजे चांगलं झालं तं तुहं, अन् वाईट झालं तं देवाचं?" मनकर्णाबाईंनी भर बाजारात विचारलं होतं. फुलचंदला उत्तर देता आलं नाही. खरं तर त्यांच्याकडेही नव्हतं. कोऱ्या तासांनी ते दिलं.

कार्यक्रम संपला तशी समिती पांगली. कपाट शाळेनं नेलं, खुर्च्या लग्नाकार्यात गेल्या आणि तिकडेच रमल्या. पाटीवरची अक्षरं उन्हानं खाल्ली. पण मनकर्णाबाईंच्या वावरातली कोरी तासं चालूच राहिली, आणि हळूहळू गावाची रीत होऊन बसली. भादव्यात माणसं त्यांच्या धुऱ्यावर येऊन उभी राहतात, तंबाखू मळतात, आणि "काय म्हनते बाई?" एवढंच विचारतात. खुद्द फुलचंद आता नवा माल भरण्याआधी एक बाटली मनकर्णाबाईंकडे फुकट पाठवतो. त्यानं विज्ञानाचा स्वीकार केला असं म्हणण्यापेक्षा, न खपलेले खोके त्यानं पुरेसे बघितले असं म्हणणं बरं.

यंदा झड लागली ती सुटेचना. वावरात पाणी साचलं आणि सगळ्या शिवारातलं सोयाबीन पिवळं पडलं. पिवळेपणावरची एक नवी दवाई बाजारात आली होती. गावानं तिची एक फवारणी केली. मनकर्णाबाईंनीही केली, कोरी तासं सोडून. फवारलेलं जरा हिरवट झालं, पण उघाड पडल्यावर सगळंच आपोआप हिरवं झालं असतं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. दुसरी फवारणी करायची की नाही, हे शेंगा भरायच्या आत ठरायला हवं होतं. दवाई महाग होती. गाव मनकर्णाबाईंच्या तोंडाकडे बघत होतं, आणि मनकर्णाबाई म्हणत होत्या, "थांबा जरा. उघाड पडू द्या."

याच सुमारास निरोप आला, की त्या जुन्या कार्यक्रमाचं मूल्यमापन करायला पुण्याहून कोणी येत आहे. निधी संपल्यावर संस्था म्हणून मागे काय उरलं, ते बघायचं होतं. चंपतभाऊ अध्यक्ष या नात्यानं जागे झाले. पाटी रंगवायला टाकली, खुर्च्या ज्या ज्या मांडवांत गेल्या होत्या तिथून हुडकून आणल्या. कपाट द्यायला शाळा तयार नव्हती, म्हणून पाहुण्यांना शाळेतच न्यायचं ठरलं. आणि मग चंपतभाऊंच्या लक्षात आलं, की पाहुण्यांची गाडी ज्या रस्त्यानं येणार, त्याच रस्त्याला लागून, ऐन मध्यात, एक पिवळा पट्टा आहे.

मनकर्णाबाई तेव्हा गावात नव्हत्या. जऊळक्याला लेक अंजूकडे नातवाच्या बारशाला गेल्या होत्या आणि आठवडाभर राहिल्या. परत आल्या त्या दिवशी घरी न जाता फाट्यावर उतरून आधी शेतात गेल्या. कोरी तासं हिरवी झाली होती. निंदलेली होती, पानांवर फवाऱ्याचे पांढुरके डाग होते, आणि शोभेसाठी कडेनं चुन्याची रेघ मारली होती.

उकंडराव गोठ्यात होते.

"अंजूचे बाबा, माह्या तासांत कोन गेलं?"

"चंपत आला व्हता."

"चंपत आला व्हता तवा तुमी कुठं व्हते?"

"मी बी व्हतो."

"काय करत व्हते?"

उकंडराव खोटं बोलत नाहीत. त्यांना सुचत नाही. "पंपात पानी टाकून देत व्हतो," ते म्हणाले.

मनकर्णाबाई खाली बसल्या. बारशाच्या घुगऱ्या असलेली पिशवी अजून खांद्यालाच होती.

"अवं, मोठे लोक येऊन राह्यले," उकंडराव समजुतीनं म्हणाले. "रस्त्यावरूनच दिसते आपलं वावर. निरा पिवळा पट्टा. काय म्हनतीन थे, रिठदवाल्याइले फवारता बी येत नाई?"

"फवारलं नाई म्हनूनच तं थो पट्टा हाय!"

"मले मालूम हाय. पन थ्याइले कुठं मालूम हाय?"

"थ्याइनंच शिकवलं ना आपल्याले!"

उकंडरावांनी बैलापुढे चाऱ्याची पेंढी टाकली. नंतर म्हणाले, "हे चंपतच्या ध्यानात आलं नाई पाह्य."

नुकसान एवढ्यावर थांबलं नव्हतं. चंपतभाऊंनी कोऱ्या तासांवर नेमकी तीच नवी दवाई मारली होती. पाहुण्यांसाठी हलकी कशाला? आणि मारल्यावर पट्टा हिरवा झाला होता. गावानं ते डोळ्यांनी बघितलं होतं. यापेक्षा मोठा पुरावा कोणाला हवा? दुसऱ्या फवारणीसाठी माणसं केनवडला जायला निघाली होती, आणि फुलचंदनं खोके मागवले होते. फक्त, ज्या दिवशी चंपतभाऊंनी फवारलं त्याच दिवसापासून उघाडही पडली होती. चांगलं कडक ऊन, वावरातलं पाणी आटलेलं. पट्टा दवाईनं हिरवा झाला की उन्हानं, हे सांगू शकणारी एकच गोष्ट शिवारात होती, आणि तिच्यावर चुन्याची रेघ मारलेली होती.

संध्याकाळी चंपतभाऊ स्वतः आले.

"वैनी, राग आला का?"

"नाई. आनंद झाला. बस."

चंपतभाऊ बसले नाहीत. "हे पाहा, थ्या म्याडम खुस झाल्या तं दुसरा टप्पा येते म्हनतात. गावाचं भलं व्हईन. तुमी फक्त उद्या काही बोलू नका. पट्टा हिरवा हाय, हिरवाच राहू द्या."

"मले इचारलं तं?"

"इचारलं तं म्हना, फरक पडला."

"कायचा? दवाईचा का उन्हाचा?"

"अवं वैनी, पडला ना? बस!"

पाहुण्या बाई एकट्याच आल्या. योगिनी नाव, चाळिशीच्या, बोलण्यात घाई नसलेल्या. आल्या आल्या पाटीला हात लावला आणि हाताला रंग लागला. तो त्यांनी रुमालानं पुसला. शाळेत खुर्च्या मांडल्या होत्या, मागे कपाट होतं, आणि त्यातले फळ्याचे खडू चादरीनं झाकले होते.

"समितीच्या बैठका होतात का?" योगिनीबाईंनी विचारलं.

"नियमित," चंपतभाऊ म्हणाले.

"शेवटची कधी झाली?"

"हे चालूच हाय थे."

योगिनीबाई हसल्या. बिचाऱ्या अशा पुष्कळ शाळांतून आणि पुष्कळ ओल्या पाट्यांसमोर बसल्या असणार. मग म्हणाल्या, "मी कुणाची परीक्षा घ्यायला आले नाही. पैसे बंद झाल्यावरही लोक आपणहून काय करत राहिले, एवढंच मला बघायचंय. असं काही आहे का?"

चंपतभाऊंनी कपाटाकडे बघितलं. पण मागच्या बाकांवरच्या माणसांनी मनकर्णाबाईंकडे बघितलं, आणि ते योगिनीबाईंनी बघितलं. सगळी मंडळी वावराकडे निघाली.

धुऱ्यावर पोचल्यावर चंपतभाऊंनी सगळं समजावून सांगितलं. ही कोरी तासं, ही दवाई मारलेली, हे बघा दोन्ही कसं हिरवंगार. हे सगळं एकदम खरं कसं असेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही. योगिनीबाईंना पडला.

"काकू, कोरी तासं पण हिरवीच आहेत. म्हणजे दवाईचा उपयोग नाही?"

उकंडरावांनी आभाळाकडे बघितलं. चंपतभाऊंनी मनकर्णाबाईंकडे. हो म्हटलं तर फुलचंदचे खोके उगाच परत जाणार, नाही म्हटलं तर गाव उगाच विकत घेणार. आणि खरं सांगितलं तर दुसरा टप्पा, पाटी, गावाची अब्रू, सगळं पाहुण्यांसमोर उघडं पडणार.

"यंदा मले मालूम नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "हे तासं कोरी नाईत. माह्या मागं फवारली. चुना बी मारला. आता थे दवाईनं हिरवी झाली का उन्हानं, हे मी सांगू शकत नाई. कोनीच सांगू शकत नाई. सांगीन थो खोटं सांगीन."

गावानं इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून "मालूम नाई" कधी ऐकलं नव्हतं. मग गर्दीतून रूपला पुढे आला. त्याचं वावर वरच्या अंगाला आहे, आणि बायकोनं सकाळीच दवाईसाठी त्याच्या मागे लकडा लावला होता.

"मालूम नाई म्हंजे? मी आज केनवडले जाऊन राह्यलो दवाई आनाले. आनू का नको आनू?"

"मले कायले इचारतं? चंपतले इचार."

"चंपतभाऊ, कोनं फवारलं हे?"

"अरे, गावाची इज्जत—"

"इज्जत गेली चुलीत! आमचं वर्स गेलं ना!"

"तुमी अध्यक्ष व्हते तं खुर्चीवर बसाचं. वावरात कायले घुसले?"

"अन् चुना कायले मारला? लगन हाय का इथं?"

"उकंडराव, तुमी तं घरचे व्हते ना गा!"

उकंडराव म्हणाले, "मी फक्त पानी टाकलं."

एका न फवारलेल्या पट्ट्यावर फवारलं म्हणून एक अख्खं गाव आपल्या अध्यक्षावर तुटून पडलेलं योगिनीबाईंनी याआधी कुठे बघितलं नसावं. त्या धुऱ्यावरच्या दगडावर बसल्या आणि ऐकत राहिल्या. आवाज जरा उतरल्यावर त्यांनी विचारलं, "पण अशी तासं एवढ्या एकाच शेतात होती? दुसऱ्या कोणीच ठेवली नाहीत?"

रूपला चपलेनं माती उकरायला लागला.

"माही हायेत," तो म्हणाला.

"तुही?" मनकर्णाबाई वळल्या. "कवापासून?"

"झाले दोन-चार वर्सं."

"कायले? माह्यावर भरोसा नाई?"

"तसं नाई बाई. भरोसा हाय. पन आपलं बी पाहून घेतलेलं बरं."

मनकर्णाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ज्या माणसाला आपण पडताळून बघायला शिकवलं, तो आपल्यालाच पडताळून बघत होता. "किती तासं ठेवली?" त्यांनी कोरडेपणानं विचारलं.

"दोन."

"दोनात काय व्हते? बाजूचा फवारा हवेनं येते. नाई धरता येत."

रूपलाला अपमान झाल्यासारखंही वाटलं आणि सुटल्यासारखंही. मग मागून कोणी तरी हळूच म्हणालं, "कमलीबाईची लय रुंद हायेत. मंधात हायेत."

आता सगळे उकंडरावांसारखे आभाळाकडे बघायला लागले. कमलीबाई नाल्याकाठी भाजीपाला करते, वर थोडं सोयाबीन घेते. तिची आणि मनकर्णाबाईंची बोलचाल बंद आहे. कारण विचाराल तर दोघी दोन वेगळी कारणं सांगतात, आणि दोन्हींत एक म्हैस आहे. मनकर्णाबाईंच्या धुऱ्यावर पाय ठेवायचा नाही, असं कमलीबाईनं ठरवलं होतं. मग दवाई घ्यायची की नाही हे तिला कोण सांगणार? म्हणून तिनं आपली तासं कोरी ठेवायला सुरुवात केली होती. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. मनकर्णाबाईंना कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

"चला," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"कुठं?" उकंडरावांनी विचारलं.

"कुठं म्हंजे? उत्तर जिथं हाय तिथं."

कमलीबाई वांगी तोडत होती. अख्खं गाव, एक पाहुणी आणि सर्वांत पुढे मनकर्णाबाई, अशी वरात आपल्या वावरात येताना बघून ती उभी राहिली, पण तोडलेली वांगी खाली ठेवली नाहीत.

"काय वं, रस्ता चुकली का?"

"तुही कोरी तासं पाहाले आली."

"काहून? तुह्या घरी नाईत?"

"व्हती. सुदरवली लोकाइनं."

कमलीबाईनं चंपतभाऊंकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. तिला हसू आलं, पण ते तिनं मनकर्णाबाईंना दाखवलं नाही. "पाह्य मंग. मी कोनाले नाई म्हनत नाई," ती म्हणाली.

मनकर्णाबाई वाकल्या. एक झाड कोऱ्या तासातलं, एक फवारलेल्यातलं. पानं उलटून बघितली, शेंगा चाचपल्या, मुळाशी माती हाताला लावून बघितली. पुढे गेल्या, पुन्हा वाकल्या. पट्टा खरंच रुंद होता, मध्यात होता, दवाईचा एक डाग नव्हता. त्यात चूक शोधायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. सापडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"सारखं हाय," शेवटी त्या म्हणाल्या.

"मी कवाचीच पाहून राह्यली," कमलीबाई म्हणाली. "उघाड पडली अन् आपसूक हिरवी झाली. मले इचारलं कोनं?"

"मंग बाई, आनाची का नाई दवाई?" रूपलानं सवयीनं मनकर्णाबाईंना विचारलं.

या गावात इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर एकाच तोंडातून आलं होतं.

"मले काहून इचारतं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "वावर तिचं हाय. तासं तिची हायेत. तिले इचार."

रूपला वळला. "कमलीबाई?"

"नाई लागत," कमलीबाई म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, कारण तिला हे वाक्य गावासमोर म्हणायला पहिल्यांदाच मिळत होतं. लगेच तीन-चार जणांनी फोन काढले, आणि केनवडला फुलचंदनं नक्की काय ऐकलं ते धुऱ्यावरून कळलं नाही, पण "कोन कमलीबाई?" हे सगळ्यांना ऐकू आलं. त्याला ती कोण हे सांगायचं काम रूपलानं केलं, आणि जरा जास्तच केलं.

योगिनीबाईंनी मनकर्णाबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "काकू, एक सांगा. तुम्ही नसता, तरी हे इथं झालं असतं ना आज?"

संस्था म्हणजे काय, याचं उत्तर या प्रश्नात होतं, आणि योगिनीबाई त्यासाठीच पुण्याहून आल्या होत्या. मनकर्णाबाईंनी कमलीबाईच्या सोयाबीनकडे बघितलं, मग आपल्याला न सांगणाऱ्या सगळ्या गावाकडे बघितलं.

"झालं असतं," त्या म्हणाल्या. आणि वळता वळता, "पन मले हे आधी सांगाले पाह्यजे व्हतं."

तेवढ्यात पलीकडून कमलीबाईचा आवाज आला. "निघाली का? अन् खालच्या अंगाची तासं कोन पाह्यल? तिकडं नाल्याचं पानी जास्त राह्यते. अर्धं पाहून हो म्हनशीन, अन् उद्या काही झालं तं लोकं मले धरतीन."

मनकर्णाबाईंनी पदर खोचला. म्हैस मध्ये न आणता त्या दोघी पुढे-मागे खाली उतरल्या, त्यांच्या मागे योगिनीबाई, त्यांच्या मागे रूपला. थोड्याच वेळात सोयाबीनच्या वर उकिडव्या बसलेल्या दोघींची फक्त डोकी दिसत होती आणि वाद ऐकू येत होता. मुळाजवळची माती ओली आहे की फक्त गार आहे, यावर. चंपतभाऊ धुऱ्यावरच उभे राहिले. त्यांना कोणी या म्हटलं नव्हतं.